लाल टोकाचं काडतूस

रिकामं काडतूस फेकून द्यायचं नसतं, हे आमच्या टोळीत पहिल्याच दिवशी शिकवतात. गोळी उडून जाते, पण पितळी नळी मागं राहते. ती उचलायची, पुसायची, कॉफीच्या डब्यात टाकायची आणि पुन्हा भरायची. पाच-सहा वेळा तरी वाजते. किश्श्यांचंही तसंच आहे बघा. एकदा वाजला म्हणून संपला असं होत नाही. डब्यात टाकून ठेवायचा आणि पुढच्या वेळी पावडर जरा जास्त घालून वाजवायचा! काडतुसात मात्र असं करू नका. तिथं भुवया जातात.

आमचा डबा आता काठोकाठ भरलाय.

टोळी चौघांची. मी, म्हणजे आबा. कोल्हापूरकडचा, मॅट्रिकला दोनदा बसलेला आणि दोनदा उठलेला. लेथवर हात बसला होता म्हणून कॅनडानं घेतला. किचनरच्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षं लोखंड सोललं, आता लोकांना सोलतो. दुसरा कुलकर्णी, पुण्याचा, वॉटर्लूत सॉफ्टवेअरमध्ये. तिसरा भोयर, नागपूरचा, पुलांचा इंजिनियर. त्याच्या मते जगातला कुठलाही प्रश्न सिमेंट थोडं जास्त घातलं की सुटतो. आणि चौथा गॉर्डन. इथलाच, माझा शेजारी, कारखान्यातही शेजारच्या मशीनवर. वय एक्क्याऐंशी. आम्हा तिघांना बंदूक धरायला त्यानंच शिकवलं. त्याला मराठी येत नाही, पण ‘आबा’ आणि ‘च्यायला’ हे दोन शब्द बरोबर जागी वापरतो. तेवढ्यावर माणसाचं भागतं.

*

यंदाचं सगळं सुरू झालं ते गॉर्डनच्या टॅगवरून.

मूस म्हणजे आपल्या सांबराचा आजोबा समजा. उंची घोड्याएवढी, शिंगं पाळण्याएवढी आणि चेहरा जावयानं परत पाठवलेल्या सासऱ्यासारखा. तो मारायचा तर सरकारी टॅग, म्हणजे परवाना, लागतो, आणि नंबर लागायला वर्षानुवर्षं वाट बघायची. गॉर्डनचा नंबर यंदा लागला. आणि यंदाच त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं!

त्याची रायफल बापाकडून आलेली, नाइन पॉइंट थ्री. म्हणजे गोळी नऊ मिलिमीटरपेक्षा जरा जाड. हरणाला फार, हत्तीला कमी, मूसला मापात. पण हिची तयार काडतुसं आमच्या भागातल्या दुकानात मिळत नाहीत. मी एकदा मागितली, तर काउंटरवरच्या माणसानं मी गुळाची ढेप मागितल्यासारखं बघितलं. म्हणून घरी भरायची. कुलकर्णीच्या बेसमेंटमध्ये, एका बाजूला फर्नेस, दुसऱ्या बाजूला लोणच्याच्या बरण्या, मध्ये आमचा काडतुसं भरायचा प्रेस.

मे महिन्यात गॉर्डननं तिथंच जाहीर केलं, “शंभर यार्डांवर एक बशी लावा. तीन गोळ्या बशीत गेल्या आणि मी दचकलो नाही, तर मूस मी मारणार. नाहीतर टॅग सगळ्या पार्टीला चालतो, कुलकर्णी मारेल. मी थर्मास धरीन.”

“अरे, एखादी इकडेतिकडे गेली तर काय होतंय!” मी म्हटलं.

“मग ते जनावर दोन दिवस पाय ओढत फिरतं, आबा. तो म्हातारा मला व्हायचं नाही.”

कुलकर्णी पांढराच पडला. पाच वर्षं नेमबाजीच्या रेंजवर कागदाला भोकं पाडतोय, पण जिवंत वस्तूवर बार काढलेला नाही. घरात डास आला तर आधी खिडकी उघडून देणारा माणूस!

म्हणजे काम ठरलं. खांद्याला हळू आणि मूसला पुरे, असं काडतूस शोधायचं. बशीसाठी. गॉर्डनच्या हातात थर्मास येऊ नये यासाठी.

*

कुलकर्णीनं गोळी निवडायला घेतली. लॅपटॉपवर तक्ता, बेचाळीस रकाने. वजन, लांबी, टोक मऊ की कडक, आत शिसं की नुसतं तांबं, लागल्यावर कुठल्या वेगाला टोक पसरून उमलते, कुठल्या वेगाला फुटते. एकेका गोळीची माहिती अशी वाचून दाखवायचा की स्थळं बघायला आलोय असं वाटावं.

“ही तांब्याची. वजनानं हलकी, त्यामुळे किक कमी. फुटत नाही, विखरत नाही, शेवटपर्यंत एकसंध राहते.”

“घराणं कसं आहे?” मी विचारलं.

भोयरला हलकं काही चालतच नाही. “अबे कुलकर्ण्या, काय करून राहिला तू? मूस हाय तो, चिमणी नोहे! डब्यातली सगळ्यात जड गोळी घे, पावडर भर, विषय खतम!”

“आणि गॉर्डनचा खांदा?”

“खांद्याले उशी लावू.”

तीन शनिवार हेच. चौथ्या शनिवारी वृंदा, म्हणजे कुलकर्णीची बायको, चहा घेऊन खाली आली. तक्ता बघितला आणि म्हणाली, “हे घर घेताना आपण वीस मिनिटं विचार केला होता. फाउंडेशनला चीर आहे ते नंतर कळलं. तेव्हा कुठे होते हे बेचाळीस रकाने?”

कुलकर्णीनं लॅपटॉप मिटला.

गॉर्डन इतका वेळ कोपऱ्यात बसून बिस्किट भिजवत होता. तो म्हणाला, “सगळ्यांची मतं झाली. मूसला कोणी विचारलं का?”

*

मूसला विचारायची पद्धत असते. ओल्या कागदाच्या जाड थप्पीत गोळी मारायची आणि मग खणून काढून बघायची, उमललीय का, किती खोल गेली. कागद भरपूर लागतो. आणि वर्तमानपत्रं आता फोनवर येतात, ती भिजवायची कशी?

मी म्हटलं, माझ्याकडे आहे की! आमच्या मराठी मंडळाच्या न खपलेल्या स्मरणिका. सात वर्षांच्या. मी एकदा हिशेब न विचारता ‘ठेवतो माझ्या गराजमध्ये’ म्हणालो होतो, तेव्हापासून गाडी बाहेर बर्फात उभी असते.

दोन दिवस टबात भिजवल्या, दोरीनं बांधल्या, भोयरच्या मित्राच्या शेतावर मातीच्या बांधासमोर ठेवल्या. दोन्ही काडतुसांचे लोड, म्हणजे आतल्या पावडरीचं माप, हळूच ठेवलेले, खांद्याला झेपतील असे.

पहिली कुलकर्णीची तांब्याची. ठ्याँ! थप्पी उलगडली. अध्यक्षांचं मनोगत पार, कार्यकारिणीचा फोटो पार, सचिवांच्या कपाळातून अहवाल पार, जाहिराती पार, सगळी थप्पी पार करून बांधात. खणून काढली तर जशीच्या तशी, पुन्हा वापरावी अशी! तांब्याला उमलायला वेग लागतो, आणि वेग तर आम्ही मुद्दाम कमी केलेला.

दुसरी शिशाची, मऊ टोकाची, मध्यम जड. ही मनोगतापासूनच उमलायला लागली, अहवालात तिची कुत्र्याची छत्री झाली, आणि बरोबर एका जागी येऊन थांबली.

“कुठे थांबली?” गॉर्डननं विचारलं.

कुलकर्णीनं पान सोडवून वाचलं. “कवितांच्या विभागात.”

“तिथं सगळेच थांबतात,” मी म्हटलं. त्या विभागात कुलकर्णीच्याच दोन होत्या!

पण गोळी ठरली. मऊ शिशाची, मध्यम वजनाची, हळू लोड. बेचाळीस रकान्यांना जमलं नाही ते सात स्मरणिकांनी केलं. मंडळाचं कार्य वाया जात नाही.

*

भोयरला मात्र पटेना. त्यानं हट्टानं स्वतःसाठी तीन काडतुसं भरली. पुस्तकातल्या मर्यादेच्या आतच, पण सगळ्यात जड गोळी, लोडही वरचा. आणि रेंजवर गॉर्डनची रायफल घेऊन बसला.

“भोयर, डोळा दुर्बिणीच्या फार जवळ आहे,” गॉर्डन म्हणाला.

“मले स्पष्ट दिसते जी!”

बार झाला. रायफल मागं आली, तशी तिच्यावरची दुर्बीणही आली. भोयरची टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे, आणि कपाळावर दोन भुवयांच्या मधोमध एक सुबक लाल चंद्रकोर!

त्या रात्रीच्या जेवणाला वृंदानं दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाली, “भाऊजी, शोभतेय हो! फक्त नथ राहिली.”

उरलेली दोन काडतुसं त्यानं गुपचूप उचकटली. तेव्हापासून त्याला सिमेंटही जरा कमी लागतं.

*

कुलकर्णी पावडर भरतो तेव्हा बेसमेंटमध्ये सोवळं असतं. फोन बंद, बोलणं बंद. मध्ये कोणी हाक मारली तर भरलेल्या सगळ्या नळ्या ओतायच्या आणि पहिल्यापासून सुरू. मी जन्मभर सगळ्यांच्या खोड्या काढल्या, पण भरलेल्या काडतुसाची खोडी काढत नाही. पावडरीला विनोद कळत नाही.

पण वृंदाला हे कोण सांगणार? “चहा!” नळ्या ओतल्या. “साखर संपलीय!” नळ्या ओतल्या. “ते विंटर टायर कधी हलवणार?” ओतल्या. वीस काडतुसांना साडेचार तास लागले. शेवटी तो खाली काडतुसं भरायला जाताना तिच्याकडून जिन्यात लिहून घ्यायला लागला: दोन तास काही हवं नाही.

तिनं सही केली. खाली स्वतःचं एक कलम घातलं: दोन तासांनंतर सगळं हवं.

*

आता खोट्या काडतुसाची गोष्ट. ही माझी कामगिरी.

बंदूक धक्का देणार हे अंगाला आधीच माहीत असतं. म्हणून चाप ओढायच्या आत माणूस दचकतो, डोळे मिटतो, बंदुकीची नळी खाली जाते. बार होतो त्या गडबडीत ते दिसत नाही. दिसायला हवं तर खऱ्या काडतुसांत एक खोटं मिसळायचं. पावडर नाही, ठिणगी पाडणारी टोपीही नुसती दिखाऊ, फक्त रूप. चाप ओढला की ‘खट्’, आणि माणसाची चोरी उघडी!

मी एक असं फक्कड बनवलं. कुलकर्णी म्हणाला, याला खूण पाहिजे. वृंदाच्या लाल नेलपॉलिशनं टोक रंगवलं आणि भिंतीवर पाटी लावली: ‘लाल टोक म्हणजे खोटं.’ रेंजवर भरणारा वेगळा आणि मारणारा वेगळा, म्हणजे मारणाऱ्याला टोक दिसायचं नाही.

पहिला बळी कुलकर्णी. ‘खट्’! आणि नळीनं अशी मान हलवली, की दारात नंदीबैल आलाय आणि ‘पाऊस पडेल का?’ला हो म्हणतोय! भोयर तर चंद्रकोरीपासून बंदूक बघूनच दचकायचा.

मग गॉर्डन बसला. मी भरलं.

खट्.

त्याची नळी आमच्या सगळ्यांपेक्षा खाली गेली. चांगली वीतभर.

कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. त्यानं रायफल पुसली, खोळीत घातली आणि म्हणाला, “च्यायला.” बरोबर जागी.

त्यानंतर उन्हाळाभर दर शनिवारी सराव. हळू लोडचा धक्का अगदी सोसण्यासारखा होता, पण ऑपरेशन झालेल्या खांद्याला ते पटवायचं कसं? एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. बेंचवर बसवून, श्वास मोजून, सावकाश मार म्हटलं की तो दचकायचा. आणि भोयरनं अचानक “गॉर्डन, तो डबा!” असं ओरडून बांधावरचा टिनचा डबा दाखवला, की बंदूक उचलून एका बारात डबा हवेत! विचार करायला वेळ दिला की त्याला खांदा आठवायचा, नाही दिला की हात आठवायचे.

हे मी कुणाला बोललो नाही. शहाण्या माणसांत बसून निरीक्षणं सांगायची नसतात, ती लगेच तक्त्यात घालतात.

सप्टेंबरच्या शेवटी बशीची परीक्षा झाली. पहिली आत. दुसरी आत. तिसरीला त्यानं फार वेळ घेतला. बशीच्या बाहेर चार बोटं.

“अहो, दोन तर गेल्या!” कुलकर्णी काकुळतीला आला होता. त्याची अर्धी काकुळत गॉर्डनसाठी होती आणि अर्धी स्वतःसाठी.

“तीन म्हणालो होतो,” गॉर्डन म्हणाला. “थर्मास कुठला घ्यायचा, स्टीलचा की हिरवा?”

*

निघायच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. वृंदा वर्षभर आमच्या नादाला नावं ठेवते, पण खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं पूजेविना राहिलेली तिला चालत नाहीत. आम्ही गाडीचं सामान बांधत होतो, तेवढ्यात तिनं बेसमेंटमध्ये पाट मांडला. प्रेस, तराजू, माझा जुना मायक्रोमीटर, बर्फ शोव्हल करायचं फावडं, कुलकर्णीचा लॅपटॉप आणि ते न हललेले विंटर टायर. सगळ्यांना हळदकुंकू. आणि काडतुसांची पेटी!

पेटी वीसची. बशीच्या परीक्षेत तीन खर्ची पडली म्हणून उरली सतरा. प्रत्येकाच्या टोकाला तिनं तेलात कालवलेलं कुंकू लावलं. भक्तीनं, बोटानं, एक न चुकता.

“आणि एक बाहेरच पडलं होतं, मायक्रोमीटरपाशी,” आम्ही परतल्यावर ती म्हणाली. “तुम्ही विसरला असाल म्हणून मी आत नीट लावून ठेवलं. त्याला आधीच लाल होतं, तरी लावलं पुन्हा. एकाला का वगळायचं?”

*

उत्तरेला आठ तास गाडी हाणल्यावर आमचा कॅम्प. दुसऱ्या सकाळी तळ्याच्या काठावर धुकं, चौघांनी सरकारी नियमानं नारिंगी टोप्या-जाकिटं घातलेली. गॉर्डनच्या गळ्यात हिरवा थर्मास. मूसपेक्षा तो थर्मासच मला बघवत नव्हता.

कुलकर्णीनं पेटी उघडली.

अठरा काडतुसं. अठरा लाल टोकं.

“आबा,” तो कुजबुजला. “सगळी खोटी आहेत!”

भोयरनं वाकून पाहिलं. “बाप्पा! वहिनीनं पूजा करून ठेवली ना!”

कुलकर्णीनं रुमालानं एक पुसून पाहिलं. तेलातलं कुंकू, मऊ शिशात मुरलेलं. पुसलं तरी लालच. त्याची अवस्था अशी झाली की परत घरी जाऊ म्हणायला लागला.

“आण इकडं,” मी म्हटलं. “ते मीच बनवलंय. खरं काडतूस कानाशी हलवलं की आत पावडर खुळखुळते. खोटं मुकं असतं. दोन मिनिटांचं काम.”

मी पेटी घेऊन ट्रकच्या मागं गेलो. एकेक काडतूस कानाशी धरून हलवलं. मग येऊन चार त्याच्या तळहातावर ठेवली, आणि कुठलं आधी, कुठलं शेवटी तेही क्रमानं लावून दिलं.

“नक्की ना, आबा?”

“माझ्या लेथची शपथ.”

तासाभरानं तो आला. लव्हाळ्यातून, पाणी निथळत, कसलीही घाई नसलेला. माजावर आलेला नर, ऐंशीएक पावलांवर आडवा उभा. कुलकर्णी एका गुडघ्यावर बसला. माझ्या मागं भोयरचा श्वास बंद. गॉर्डन थर्मास गळ्यातून काढून छातीशी धरून उभा.

कुलकर्णीनं नेम घेतला. फार वेळ घेतला. चाप ओढला.

खट्!

आणि नळीनं नंदीबैलासारखी मान हलवली. खरं असतं तर मूसचा पाय गेला असता. आवाजानं मूसनं डोकं वर केलं, आमच्याकडे बघितलं आणि एक पाऊल वळला.

“गॉर्डन, तो डबा!” मी भोयरच्याच शब्दांत, मराठीतच म्हणालो.

थर्मास खाली पडला. गॉर्डननं कुलकर्णीच्या हातून रायफल काढून घेतली, बोल्ट मागं-पुढं केला, ते मुकं काडतूस शेवाळात पडलं, रायफल खांद्याला लागली आणि बार झाला. नळी केसभरसुद्धा हलली नाही. मूस तीन पावलं चालला आणि दमून बसावं तसा बसला. मान टेकली. संपलं.

गॉर्डननं टोपी काढली.

भोयरनं डोळे पुसले आणि वर म्हणाला, “धुकं लागून राहिलं.”

कुलकर्णीनं शेवाळातलं काडतूस शोधलं, टोक नखानं खरवडलं. कुंकवाखाली नेलपॉलिश निघालं. त्यानं एकदा काडतुसाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“आबा. तुम्ही तर एकेक कानाशी हलवून बघितलं होतं.”

“बघितलं होतं.”

“मग हे चारांत आलं कसं? आणि बरोबर पहिलंच?”

मी खाली पडलेला थर्मास उचलला, पुसला आणि माझ्या गळ्यात अडकवला.

“चहा घेणार का?”